दादाचं बोट थंडीत निळं का पडतं

हिंगोली,
18 जानेवारी

प्रिय सुमे,

व्हॉट्सॲपवर तू तीन ओळींत विचारलंस. उत्तर काही तीन ओळींत बसेना, म्हणून शेवटी कागद घेतला. ‘डॉपलर केलं, रक्त चालू आहे, टाके नीट आहेत, मग दादाचं बोट थंडीत निळं का पडतं आणि ठणकतं का?’ वहिनींची समजूत अशी झालीय म्हणे, की ऑपरेशन फसलं आणि कुणी आपल्याला खरं सांगत नाही. ऑपरेशन फसलेलं नाही. आधी त्यांना फोन करून एवढं सांग, पुढचं सावकाश वाच.

इकडे यंदा थंडी बऱ्यापैकी आहे. तुझ्या एडमंटनपुढे ती काहीच नाही, हे मान्य. पण भल्या सकाळी कयाधूच्या काठाकाठाने मोटारसायकलवर दूध घेऊन येणाऱ्या माणसाला विचारून बघ. तुरीची मळणी आटोपत आलीय. हळदीचा पाला पिवळा पडलाय. महिनाभरात वसमत, कळमनुरीकडे कुकर पेटतील आणि उकडलेल्या हळदीचा तो वास शिवारभर सुटेल. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. लोकांना हा हंगाम हळदीचा, मला मात्र बोटांचा. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, हळद पॉलिश करायचा ड्रम, सगळीकडे माणसं झोप नसताना आणि घाईत हात घालतात.

दादाचं बोट तुटलं तेव्हा वहिनींनी एक काम फार शहाणपणानं केलं, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही. मी फोनवर सांगितलं तसं त्यांनी बोट स्वच्छ पाण्याने धुतलं, ओल्या पिळलेल्या फडक्यात गुंडाळलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवली. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून मरतं. हळदीत माखून आणलेलं बोट मी पाहिलंय, आपल्या जिल्ह्यात त्याचं नवल नाही. बोटात स्नायूचं मांस जवळजवळ नसतं, म्हणून नीट गार ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता येतं. मनगटावरून तुटलेल्या हाताला एवढी सवलत नसते. नांदेडला पोचायला लागलेला वेळ दादाला म्हणून परवडला.

आता ऑपरेशनबद्दल. 1962 मध्ये बोस्टनला बारा वर्षांच्या एका मुलाचा दंडातून तुटलेला हात जोडला गेला. बोट जोडणं त्याहून अवघड, कारण तिथली धमनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. ते जमलं 1965 साली, जपानमधल्या नारा इथं. कोमात्सु आणि तामाई या दोघांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली शिवला. तोच प्रकार आज नांदेड-संभाजीनगरला होतो. आधी हाड तारेने पक्कं करतात, मग कंडरा, मग धमनी, मग मज्जातंतू, शेवटी शिरा. धमनीचे टाके ज्या दोऱ्याने घालतात तो केसापेक्षा बारीक असतो. नुसत्या डोळ्यांनी हातातला दोरा दिसत नाही, सुई तेवढी चमकते.

टाके घालण्याआधी सर्जन एक गोष्ट करतो आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. धमनीच्या कापलेल्या टोकावर बाहेरून जो सैलसर, पांढुरका पापुद्रा असतो, तो चिमट्याने पुढे ओढून कात्रीने छाटून टाकतो. तो आत लोंबला तर रक्त साकळतं, म्हणून छाटावाच लागतो. या पापुद्र्याचं नाव ॲडव्हेंटिशिया. धमनीकडे येणारे मज्जातंतू याच पापुद्र्यातून येतात.

आपण शाळेत धमनी म्हणजे लाल रंगाची नळी असं काढून मोकळे झालो. प्रत्यक्षात भिंतीला तीन थर असतात. आत एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, मधे आखडणाऱ्या-सैलावणाऱ्या स्नायूपेशींचा थर, बाहेर हा पापुद्रा. मज्जातंतूंची जाळी पापुद्रा आणि स्नायू यांच्या सीमेवर येऊन थांबते. स्नायूंच्या थरात ती शिरत नाही. ऊसतोडीच्या टोळीवरचा मुकादम आठव. तो फडात कोयता घेऊन उतरत नाही, बांधावर उभा राहून आवाज देतो आणि तो आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जात पार आतल्या जोडीपर्यंत पोचतो. इथंही तेच. तंतूच्या टोकातून नॉरॲड्रेनॅलिन सुटतं, बाहेरच्या स्नायूपेशी आखडतात आणि निरोप पेशीपेशींतून आत जातो. हे काम सिंपथेटिक तंतूंचं. त्यांच्याबरोबर संवेदना नेणारे तंतूही असतात, ते सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि धमनी सैल करतात.

बोटाच्या धमनीकडे येणारे सिंपथेटिक तंतू बोटाच्या संवेदी मज्जातंतूंच्या जुडग्यातूनच येतात. म्हणजे दादाचं बोट तुटलं तेव्हा स्पर्श गेला आणि धमनीचा मुकादमही गेला. सर्जनने तंतूची टोकं एकमेकांना शिवली खरी, पण त्याने फक्त वाट तयार होते. तुटलेल्या भागातले जुने धागे मरतात. हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्येच बेडकाच्या जिभेवर दाखवून दिलं होतं. नवे धागे वरच्या बाजूने वाढत यावे लागतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या चालीने. त्यातले काही वाट चुकतात, काही पोचूनही कामाला लागत नाहीत. रक्त मात्र टाके पूर्ण झाले त्याच मिनिटाला धावायला लागतं. बोटात रक्त आलं तेव्हा तू व्हिडिओ कॉलवर रडलीस. त्या वेळी ते बोट पुरतं अनाथ होतं, असं मी तुला सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

मज्जातंतूविना धमनी कशी वागते, याचं पहिलं उत्तर सशाच्या कानात सापडलं. सशाचा कान इतका पातळ असतो की उजेडाकडे धरला की मधली धमनी स्पष्ट दिसते. क्लॉड बर्नार्ड यांनी 1851 मध्ये सशाच्या मानेतला सिंपथेटिक तंतू एका बाजूने कापला. त्या बाजूचा कान लाल झाला आणि हाताला गरम लागू लागला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी कापलेल्या तंतूच्या वरच्या टोकाला वीज दिली, तर कान फिका आणि गार पडला. तंतू गेला की धमनी सैल पडते, एवढं नक्की झालं. दादाचं बोटही पहिले काही आठवडे शेजारच्या बोटांपेक्षा उबदार होतं. तुमचे नाना खूश होऊन सगळ्यांना ते हाताला लावून दाखवत होते.

पण मुकादम निघून गेलेली टोळी कायम आळसावून बसत नाही. काही दिवसांनी कुणीही लांबून हाक दिली तरी ती दचकून उठते. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1939 मध्ये हे नियमाच्या रूपात मांडलं: तंतू तुटलेला अवयव रक्तातल्या रसायनांना नको इतका हळवा होतो. थंडीने किंवा धास्तीने शरीरात जे ॲड्रेनॅलिन वाढतं, ते इतर बोटांना जेमतेम जाणवतं. दादाच्या धमनीला ते पुरेसं होतं, ती करकचून आवळते, बोट निळं पडतं आणि ठणकतं. डॉपलर दवाखान्यात केलं, उबदार खोलीत, रजईतून उठून आलेल्या माणसाचं. धमनी उघडी आहे एवढंच त्यातून कळलं. पहाटे पाच वाजता गोठ्यात ती काय करते, ते डॉपलरला कसं कळणार?

आणखी एक गोष्ट तुझ्या रोजच्या अनुभवातली. तू हातमोजे विसरून गाडीवरचा बर्फ खरवडलास की बोटं आधी पांढरी पडतात आणि थोड्या वेळाने आपोआप लाल होऊन गरम होतात, बरोबर? लंडनच्या टॉमस लुईस यांनी 1930 मध्ये बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून हे पाहिलं. गारठा, मग ऊब, पुन्हा गारठा, पुन्हा ऊब अशी ती ये-जा चालते. त्यात मज्जातंतूंचा हात किती आणि धमनीच्या स्वतःच्या स्नायूचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. जोडलेल्या बोटात मात्र ही ये-जा बिघडते, याबद्दल वाद नाही. दादाचं बोट एकदा गारठलं की तसंच राहतं.

इथवर झालं ते आवळण्या-सैलावण्याबद्दल. तुझ्या प्रश्नाच्या पोटात याहून खोल प्रश्न आहे: जखम झालेली धमनी भरून येते तेव्हा मज्जातंतू असल्या-नसल्याने काही फरक पडतो का? माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला कुणी हे विचारलं नाही. धमनी म्हणजे नळकाम, गळती थांबली की संपलं. पण धमनी जिवंत आहे आणि टाका ही तिला झालेली जखमच आहे. टाक्यावर आधी रक्तातल्या बिंबिका चिकटतात. मग दोन्ही बाजूंनी गुळगुळीत अस्तर सरकत येतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत टाका झाकतं. त्याच वेळी मधल्या थरातल्या स्नायूपेशी आपलं आखडायचं काम सोडून विभागायला लागतात आणि आत सरकून नवा थर उभा करतात. थोडा थर हवाच, त्याशिवाय जखम भरत नाही. जास्त झाला की एक मिलिमीटरच्या नळीत जागा उरत नाही. हृदयाच्या धमन्यांतही हेच घडतं. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 1977 मध्ये झुरिचला फुग्याने हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद व्हायच्या, त्यात या जादा भरण्याचाही हात होता. आताच्या स्टेंटवर जे औषध असतं, त्यातलं पहिलं सिरोलिमस, ते या पेशींचं विभाजन थांबवतं. जाता जाता सांगते, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं काढलं ते तुझ्याच कॅनडात, माँट्रियलच्या प्रयोगशाळेत, सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने.

आता या पेशींनी किती वाढायचं, हे कोण ठरवतं? पुन्हा सशाच्या कानापाशी यावं लागतं. रोझमेरी बेव्हन यांनी 1975 मध्ये वाढत्या वयाच्या सशांचे एका बाजूचे सिंपथेटिक तंतू काढून टाकले. त्या बाजूच्या कानाच्या धमनीत स्नायूपेशींचं विभाजन कमी झालेलं आढळलं. म्हणजे तंतू पेशींना वाढायलाही सांगतो. पुढे 2001 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या जेम्स फेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या धमनीवर दाखवलं की नॉरॲड्रेनॅलिनने भिंत जाड होते, आणि इजा झालेल्या धमनीत हा परिणाम जास्त उठतो. इथं थांबलं तर कुणीही म्हणेल, तंतू कापा, धमनी अरुंद व्हायची नाही. पण सीजीआरपी सोडणारे तंतू नेमकं उलटं करतात, स्नायूपेशींना विभागण्यापासून रोखतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांचे सिंपथेटिक तंतू औषधाने मारले, तर धमन्यांमधले विकार कमी होण्याऐवजी बळावले आणि स्नायूपेशी आपलं शिक्षणच विसरल्यासारख्या वागू लागल्या.

यातून एका वाक्याचा निकाल मागशील तर मिळणार नाही. तंतू धमनीला वाढवतो की आवरतो, हे धमनी कुठली, जनावर कुठलं, वय काय आणि आधीचा आजार काय, यावर बदलतं. माझं स्वतःचं मत विचारशील तर सांगते: तंतूमुळे स्नायूपेशी स्नायूपेशी राहते. पुढ्यात रोजचं आखडायचं-सैलावायचं काम असतं तोवर ती भिंतीत राहून ते करते, काम सुटलं की भलत्या उद्योगाला लागते. म्हणून शिवलेल्या धमनीजवळ तंतू परत येणं हा तिच्या बरं होण्याचाच भाग आहे, वरची शोभा नव्हे. धमनीही नुसती वाट बघत बसत नाही. तिच्या स्नायूपेशी एनजीएफ नावाचं प्रथिन तयार करतात आणि त्याच्या ओढीने तंतूचे धागे तिच्याकडे वाढतात. हे प्रथिन शोधणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढल्या गेल्या, तेव्हा त्यांनी युद्धकाळात झोपायच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं. 1986 मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आणि या नात्याची सुरुवात तर गर्भातच होते. उंदराच्या गर्भाच्या त्वचेत धमन्या मज्जातंतूंच्या कडेने आखल्या जातात. तंतूंची मांडणी बिघडलेल्या उंदरांत धमन्याही त्या बिघडलेल्या वाटेनेच गेल्या, हे 2002 मध्ये दिसलं.

आता आपल्या भागातली गोष्ट. आपण नांदेडला शिकत होतो, तू इंजिनिअरिंगला आणि मी मेडिकलला, तेव्हा सर्जरीच्या वॉर्डात एका कोपऱ्यात हमखास दोन-तीन खाटांवर तिशी-पस्तिशीतले गडी असायचे. पाय खाटेखाली सोडून रात्रभर बसलेले, कारण पाय वर घेतला की कळ असह्य व्हायची. अंगठा काळा, उशाखाली बिडीचं बंडल. हा बर्जरचा आजार. लिओ बर्जर यांनी न्यूयॉर्कला 1908 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, आणि तंबाखूशिवाय तो जवळजवळ होतच नाही. हातापायाच्या लहान धमन्या सुजून, साकळून बंद होतात. धमनी इतकी बारीक की जोडायला जागा नाही. मग काय करायचं? पोटाच्या मागे मणक्याच्या कडेला जी सिंपथेटिक तंतूंची साखळी असते, तिचा तुकडा काढून टाकायचा. ब्युनोस आयरिसच्या हुलिओ दिएझ यांनी 1924 मध्ये या आजारासाठी हे ऑपरेशन सुरू केलं. सरकारी दवाखान्यांतून ते आपल्याकडे वर्षानुवर्षं झालं.

मी पहिल्यांदा मदतीला उभी राहिले, तेव्हा सरांनी माझं बोट धरून त्या साखळीवर ठेवलं होतं. मऊ चरबीत एक टणक गाठ बोटाखालून निसटते. ती गाठ काढली. संध्याकाळी फेरीला गेले तर त्या पावलाला हात लावून बघावंसं वाटे: उबदार, आणि अगदी कोरडं, घामाचा टिपूस नाही. दुसरं पाऊल गार आणि ओलसर. रोगी म्हणाला, “बाई, ह्यो पाय माझा नव्हंच.” कातडीचं रक्त वाढलं होतं, लहानशी जखम भरायची, कळ कमी व्हायची. बंद पडलेली धमनी मात्र बंदच राहायची. बरं वाटलं म्हणून तो घरी जाऊन पुन्हा बिडी पेटवायचा आणि वर्षाने पाय घेऊन परत यायचा, किंवा पायाशिवाय.

या ऑपरेशनचा आणखी एक हिशेब फार उशिरा कळला. 1983 मध्ये जर्मनीतल्या गोबेल आणि फ्युसल यांनी असं ऑपरेशन होऊन सहा-आठ वर्षं झालेल्या 60 जणांच्या पायांचे एक्सरे काढले. 55 जणांच्या पावलांतल्या धमन्यांच्या मधल्या थरात चुना बसला होता. ज्यांचं ऑपरेशन एकाच बाजूला झालं होतं, त्यांच्यात ऑपरेशनच्या बाजूला तो कितीतरी जास्त प्रमाणात दिसला. त्याच माणसाचा, त्याच वयाचा, तेवढीच बिडी ओढलेला दुसरा पाय शेजारीच होता, म्हणून दोष वयावर ढकलता येईना. तंतू गेले की स्नायूचा थर हळूहळू दगडासारखा होतो. या चुनखडीला मोंकेबर्ग यांचं नाव आहे, त्यांनी ती 1903 मध्ये वर्णन केली. तंतू हा नुसता हुकूम देणारा नसून भिंतीचा सांभाळ करणाराही आहे, याचा माझ्या मते माणसातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

आता नानांकडे येते. त्यांची साखर गेली पंधराएक वर्षं आहे ना? जुन्या मधुमेहात पायांचे मज्जातंतू आपोआप झिजतात आणि त्यात सिंपथेटिक तंतूही जातात. म्हणजे ते ऑपरेशन कुणी न करताच होऊन बसतं. पाऊल उबदार राहतं, घाम थांबतो, टाच भेगाळते, पायावरच्या शिरा फुगलेल्या दिसतात. दिवाळीत नाना मला म्हणाले, “माझे पाय बघ कसे गरम आहेत, रक्त एकदम फस्क्लास.” मी त्यांचा जुना एक्सरे उजेडावर धरला तर घोट्याखाली धमनीच्या दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या, एक्सऱ्यात सहसा न दिसणारी धमनी चुन्यामुळे दिसत होती. अशा धमनीवर रक्तदाबाचा पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही, म्हणून घोट्याचा दाब खोटाच जास्त येतो आणि रिपोर्ट छान दिसतो. पाय गरम आहे आणि आकडा चांगला आहे, या दोन्हींवर विसंबून पाय गमावलेली माणसं मी पाहिलीत. पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा मोजायचा असतो. मी तो नांदेडला करून घ्यायला सांगितलंय, त्यांनी ‘बघू’ म्हटलंय.

गंमत म्हणजे जग पुन्हा तंतू जाळायच्या मागे लागलंय. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे तंतू आतून जाळून रक्तदाब उतरवायचा उपचार 2014 मध्ये खोट्या ऑपरेशनशी तुलना करताच तोंडावर आपटला होता. उपकरणं सुधारली आणि 2023 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. म्युनिकच्या गटाने 2022 मध्ये उंदरांत दाखवलं की धमनीत चरबीचा थर साठतो त्या जागी बाहेरच्या पापुद्र्यात तंतूंची नवी जाळी उगवते, मेंदूपर्यंत निरोप जातो, आणि तिथला एक तंतूगुच्छ काढला तर पोटातल्या महाधमनीतला विकार मंदावतो. म्हणजे कुठं तंतू घालवून फायदा, कुठं तोटा. मी यात उडी घेणार नाही. चुना बसायला सहा-आठ वर्षं लागली होती, तेवढं थांबून बघावं असं माझं म्हातारं मत.

राहिला दादा. बोट जोडलेल्या बहुतेकांना थंडीचा हा त्रास होतो. तंतू पोचतील तसा दोन-तीन हिवाळ्यांत तो बराच कमी होतो, काहींच्या वाट्याला थोडा कायमचा राहतो. बोटाच्या टोकाला टाचणी टोचल्याचं आता कळायला लागलंय आणि मागच्या आठवड्यात तिथं किंचित ओल लागली. वहिनींना हे मुद्दाम सांग: त्या बोटाला घाम येणं ही चांगली बातमी आहे, घाम आणणारे तंतू आणि धमनीचे तंतू एकाच वाटेने येतात. पहाटे धारा काढायला जाताना लोकरी हातमोजा घालावा. बोट गारठलं तर काखेत धरावं, चुलीवर शेकू नये, कारण स्पर्श अजून अर्धवट आहे आणि भाजलेलं कळायचं नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चहा बंद केला होता, त्यावरून तुमच्या घरी महाभारत झालं होतं. त्या बंदीमागे पुरावा तसा बेताचाच होता, आता चहा खुशाल प्यावा.

बिडीचं मात्र तसं नाही. एक बिडी ओढली की शाबूत बोटांच्या धमन्यासुद्धा आवळतात, आणि दादाच्या त्या धमनीला आवरायला अजून पुरते तंतू पोचलेले नाहीत. त्याने सोडली म्हणून सांगितलंय, पण मागच्या खेपेला शर्टाच्या खिशात काडेपेटी होती, आणि देवपूजा तर वहिनी करतात. माझं तो ऐकून घेतो आणि हसतो. तुझा शब्द त्याने आजवर खाली पडू दिलेला नाही. येत्या रविवारी त्याला फोन कर आणि बिडी सोडायचं त्याच्या तोंडून वदवून घे. नानांना अंगठ्याच्या दाबाची तपासणी करायला त्याच फोनवर लाव.

तुझीच,
मंगल